त्या म्हाताऱ्याच्या पिक्चरवर आम्ही गाडीवाले एवढा जीव का टाकतो

साखळी गावच्या एका पोराने विचारलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' सगळ्या बाईकवाल्यांनी डोक्यावर घेतलाय म्हणून मोठ्या हौसेने बघायला बसलो, तर दोन तास एक म्हातारा इकडून तिकडे फिरतोय, गाडी खरी पळते ती शेवटी, धड रेससुद्धा नाही, मग तुम्ही जुने लोक, त्यातून गोव्यातले, त्यावर एवढे फिदा का? आणि जोडीला दुसरा प्रश्न, आजोबांची येझदी पडवीत उभी आहे, तिच्यावर तसंच काम करून ती १६० ला न्यायची तर काय काय करावं लागेल?

मी म्हापशात जुन्या गाड्यांची इंजिनं बांधतो. बुलेट, येझदी, राजदूत, मधूनच एखादी बीएसए नाहीतर नॉर्टन, पोर्तुगीज अमदानीत आलेली आणि अजून कुणाच्या तरी वाड्यात चादर टाकून ठेवलेली. म्हणजे पिक्चरचा जाणकार मी नव्हे, पण या पिक्चरचं जे पोट आहे ते काम मी रोज करतो, म्हणून उत्तर जरा लांब होईल, चहा घेऊन बस.

आधी नावाचा घोळ मिटवतो, कारण आपल्याकडे अर्धे लोक भारतीय माणसाची गोष्ट समजून पिक्चर लावतात. इंडियन ही अमेरिकेतली मोटरसायकल कंपनी, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची, १९०१ मध्ये सुरू झाली आणि १९५३ मध्ये तो कारखाना बंद पडला. माणूस न्यूझीलंडचा, बर्ट मन्रो, त्या देशाच्या पार दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल म्हणून गाव आहे तिथला. जन्म १८९९. त्याने १९२० मध्ये नवी इंडियन स्काऊट घेतली, ६०० सीसी, व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर, कारखान्यातून निघाली तेव्हा तिचा टॉप स्पीड ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरच्या आसपास. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या युटाहच्या बॉनविल मिठाच्या मैदानावर त्याच इंजिनाने, तेव्हा ते वाढत वाढत ९५० सीसी झालं होतं, १००० सीसीच्या आतल्या वर्गात ताशी १८४ मैलांचा विक्रम केला, म्हणजे २९६ किलोमीटर. माणूस ६८ वर्षांचा, गाडी ४७ वर्षांची. म्हापशाहून पणजी धर १३ किलोमीटर, त्या वेगाने पावणेतीन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत, आणि आपल्याला तर पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी नेऊच देत नाहीत.

आता हे आकडे गुगलवर कुणालाही मिळतात, आकड्यांवर कुणी जीव टाकत नाही. ८८ पासून २९६ पर्यंत जायला मधे जी सत्तेचाळीस वर्षं गेली त्यात तो काय करत होता, तर शेडमध्ये बसून पार्ट बनवत होता, आणि ते पार्ट तुटत होते. एवढंच. हे पडद्यावर बरोबर दाखवलेला मी बघितलेला हा एकच पिक्चर. बाकीच्या बाईकच्या पिक्चरमध्ये मेकॅनिक म्हणजे तोंडाला काळं फासलेला विनोदी माणूस, हिरोची गाडी एका गाण्यात दुरुस्त होते. इथे मेकॅनिकच हिरो आहे.

शेडमधलं ते फळकूट आठव, ज्यावर फुटलेली पिस्टनं, वाकलेले रॉड, चिरलेले तुकडे ओळीने मांडलेत आणि वर लिहिलंय की हे वेगाच्या देवाला वाहिलेले. ती पिक्चरवाल्यांची आयडिया नव्हे, खरोखरच होतं त्याच्याकडे. खंडेनवमीला आम्ही लेथला, पान्यांना झेंडू घालतो, नारळ फोडतो, पण फुटलेल्या पिस्टनला कोण फूल घालतो? ते भंगारात जातं. आणि खरं तर शिकायचं असतं ते त्या फुटक्या तुकड्यातच. पिस्टनच्या बाजूला उभे ओरखडे दिसले तर जाम झालंय, ते एका बाजूला आहेत की चारी बाजूंनी यावरून ऑईल कमी पडलं की क्लिअरन्स, म्हणजे पिस्टनभोवतीची जागा, कमी ठेवला ते कळतं, डोक्यावर भोक पडलं तर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, किंवा टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी वेळेआधी, पिस्टनचा रॉड मोडला तर मोडल्या जागेचा दाणा बघायचा, शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर तो हळूहळू थकून तुटलाय, आणि सगळा एकसारखा खरखरीत दिसला तर एका झटक्यात. मन्रोने ते सगळं जपून ठेवलं यातच तो किती पक्का कारागीर होता ते दिसतं.

त्याच्याकडे पैसे नव्हते, इन्व्हरकारगिलमध्ये रेसिंगचे पार्टही मिळत नव्हते, म्हणून तो पिस्टन स्वतः ओतायचा, जुन्या डब्यांचे साचे करून. सिलिंडरचे बॅरल स्वतः बनवायचा, फ्लायव्हील स्वतः, रॉड जाड लोखंडातून हाताने काढायचा. आता 'पिस्टन ओतला' म्हणायला सोपं आहे. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, भट्टी पेटवून तेवढं कुणीही करेल, डिचोलीत समया ओतणारे कासार तर पितळ ओततात, त्याला याच्यापेक्षा जास्त आच लागते. अडचण पुढे आहे. ॲल्युमिनियम फार तापवलं की हवेतल्या दमटपणातला हायड्रोजन शोषून घेतं, आणि थंड होताना त्याचे बारीक बुडबुडे आत अडकतात. वरून पिस्टन छान दिसतो, लेथवर लावून एक कट मारला की आतून जाळी बाहेर पडते, आणि ती नाही दिसली तर इंजिनात फुटल्यावर दिसते. साचा ओला राहिला तर वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे थंड असताना पिस्टन आणि बॅरलमध्ये जागा सोडायची ती नेमकी. कमी सोडली तर मैदानाच्या मध्यावर जाम होणार, जास्त सोडली तर पिस्टन खुळखुळणार, ताकद खालून गळून जाणार. घरगुती धातूचा पिस्टन किती फुगेल याचं पुस्तक नसतं, लावून, पळवून, फोडूनच बघावं लागतं. म्हणून ते फळकूट भरलं.

आणि हे मोजायचं कशाने? तो जुना स्पोक मायक्रोमीटर म्हणून वापरायचा. हे वाचून नवी पोरं हसतात, पण आमच्याकडे जुने टर्नर हेच करायचे, मी डोळ्यांनी बघितलंय. स्पोकचा तुकडा बोअरपेक्षा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकापेक्षा, किंचित लांब कापायचा, दोन्ही टोकं कानशीने घासून गोलसर करायची, बोअरमध्ये आडवा धरायचा आणि परत काढून इतकंच घासायचं की शेवटी तो हलका अडकून सुटेल, बोटाला नुसता 'लागला' एवढं कळेल. आता तोच तुकडा वर, मधे, खाली, उभा, आडवा फिरवून बघायचा. पिस्टन वर जिथे थांबतो, जिथे वरची रिंग घासते, तिथे बोअर सगळ्यात जास्त झिजलेला असतो, तिथे स्पोक सैल पडतो. किती झिजला तो आकडा स्पोक सांगत नाही, फीलर गेजची, म्हणजे ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी टोकाशी सरकवून अंदाज काढायचा. पण 'वर-खाली सारखं आहे की नाही' या प्रश्नाचं उत्तर तो तुकडा डायल गेजइतकं चोख देतो, बोट तयार असेल तर. आमचा एक म्हातारा टर्नर होता, त्याला आम्ही नवीन बोअर गेज आणून दिला, त्याने आधी स्वतःच्या तारेने बघितलं आणि मग गेज बरोबर आहे असं सर्टिफिकेट दिलं.

आता इंजिन. स्काऊटचं इंजिन साईड-वाल्व्हचं, म्हणजे वाल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभे. बनवायला स्वस्त, दणकट, पण हवा आत येताना वळसा घालून येते आणि जळण्याची जागा बाजूला पसरलेली, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणाला पडणारा दाब, वाढवावं तर हवेची वाट अडते, वाट मोकळी करावी तर कॉम्प्रेशन उतरतं. मन्रोने शेवटी वाल्व्ह डोक्यावर नेले. वाल्व्ह ढकलून उघडतो तो कॅम, मूळ इंजिनात ते दोन होते, त्याने चार केले, म्हणजे प्रत्येक वाल्व्हचं उघडणं-मिटणं वेगळं जुळवता येतं. हे सगळं हाताने. मला कुणी आज सीएनसी दिली तरी मी हे काम घ्यायच्या आधी दहादा विचार करीन.

आणि नुसत्या इंजिनाने भागत नाही हे पण बघ. वेग दुप्पट केला की हवा कापायला आठपट ताकद लागते, वेग तिप्पट तर सत्तावीसपट. ८८ वरून २९६ म्हणजे साधारण ३.३६ पट, त्याचा घन काढ, ३८ येतो. गाडीचा आकार तोच ठेवला असता तर हवेसाठीच अडतीसपट ताकद लागली असती, सहाशे सीसीच्या जुन्या इंजिनातून ती कुठून आणणार? म्हणून ते लाल माशासारखं कवच, ज्यात तो पालथा पडून झोपायचा. पण कवच घातलं की दुसरं दुखणं सुरू होतं. हवेचा दाब गाडीवर जिथे सरासरी येतो ती जागा वजनाच्या मध्याच्या पुढे गेली, की जरा वारा लागला तरी गाडी आणखी वळायला बघते, सरळ व्हायला नाही. मग हँडल थडथडायला लागतं, ताशी दीडशे मैलांवर. पिक्चरमध्ये ते थरथरणं दाखवलंय तेव्हा गाडी न चालवणाऱ्याला वाटतं की उगाच टेन्शन आणलंय. ज्याच्या बुलेटने कधी उतारावर ८० ला हँडल झटकलंय त्याच्या तळहाताला तो सीन बघताना घाम येतो, मी खात्रीने सांगतो.

बॉनविलचं मैदान उंचावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १२८० मीटर. हवा पातळ म्हणून कापायला सोपी, पण तीच पातळ हवा इंजिनात जाते म्हणून ताकदही कमी. तो सराव करायचा घराजवळच्या ओरेटीच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या पातळीला. म्हणजे घरी लावलेला कार्बोरेटर तिथे जाऊन रिच चालणार, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, पेट्रोल सोडणारे जेट बदलावेच लागणार. गोव्यातून कार्बोरेटरवाल्या गाड्या घेऊन लडाखला गेलेल्यांना हे सांगावं लागत नाही, म्हापशात घोड्यासारखी पळणारी बुलेट तिथे काळा धूर सोडत रडते.

बरं, आता पिक्चरमध्ये खोटं काय आहे ते पण ऐक, कारण प्रेम असलं तरी डोळे झाकून नको. पिक्चर असं दाखवतो की म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेला गेला, कुणी ओळखत नव्हतं, आणि पहिल्याच फेरीत विक्रम करून आला. प्रत्यक्षात तो बॉनविलला दहा वेळा गेला, पहिल्यांदा नुसता बघायला आणि नंतर नऊ वेळा गाडी घेऊन. १९६२ मध्येच त्याने ८५० सीसीवर जवळजवळ १७९ मैलांचा विक्रम केला होता, १९६६ मध्ये दुसरा, १९६७ मध्ये तिसरा. घरी न्यूझीलंडमध्ये तर त्याचे विक्रम १९३८ पासून होते. पिक्चरमध्ये तो दोनशे मैल ओलांडतो, खऱ्या आयुष्यात त्या इंडियनचा नोंदलेला सगळ्यात जास्त वेग १९० मैल, तोही एका बाजूने पळताना. विक्रम धरतात तो दोन्ही दिशांनी पळून काढलेल्या सरासरीचा, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये. आणि गंमत म्हणजे त्या वेळी सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती, रेकॉर्डला १८३.५९ लागलं. पुढे मन्रोच्या मुलाच्या ती लक्षात आली आणि २०१४ मध्ये, म्हातारा जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, तो आकडा सुधारून १८४.०८७ केला. हे जर पिक्चरमध्ये शेवटी पाटीवर आलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, पण पिक्चर २००५ चा.

मला विचारशील तर दहा वेळा जाण्याची गोष्ट एका फेरीच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. समुद्रापार एवढ्या लांब गाडी न्यायची, काहीतरी फुटायचं, परत यायचं, वर्षभर शेडमध्ये बसायचं, परत जायचं. पण दोन तासांत हे कसं दाखवणार, दिग्दर्शकालाही दोष देत नाही. रॉजर डोनाल्डसन हा पण त्याच माणसाच्या नादाला लागलेला, त्याने मन्रो जिवंत असताना १९७१ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला होता, आणि त्यानंतर चौतीस वर्षांनी हा पिक्चर आला. म्हणून शेडमधली हत्यारं, हाताची पकड, ऐकायची पद्धत, सगळं खरं वाटतं, बघून केलेलं आहे ते. मन्रो झालेला अँथनी हॉपकिन्स इंजिन चालू करून मान जरा तिरकी करतो ना, तेवढ्या एका गोष्टीवर मी त्याला शंभर गुण देईन, आम्ही सगळे तसंच ऐकतो.

दुसरं एक पिक्चर गाळतो, ते म्हणजे घर. मन्रोचं लग्न झालं होतं, चार मुलं होती, पुढे लग्न मोडलं आणि मग तो शेडमध्येच राहायला लागला. पडद्यावर तो एकटा गमत्या म्हातारा, भल्या सकाळी सायलेन्सर नसल्यासारखं इंजिन फाडतो, लिंबाच्या झाडाला घरचंच खत घालतो, शेजारी ओरडतात, आपण हसतो. शेजारी असतो तर हसलो असतो का? माझ्या गॅरेजच्या मागे राहणाऱ्या बाईला विचार. आणि ते अमेरिकेतलं मधलं फिरणं जरा गोडच आहे हे मलाही मान्य, वाटेत भेटेल तो देवमाणूस, एकही लफडं नाही. तरी एवढं सांगतो, अनमोडच्या घाटात क्लच केबल तुटून बसलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल की हे अगदीच खोटं नाही, ट्रकवाले थांबतात.

खरी पडझड मात्र पिक्चरपेक्षा भयंकर. १९६७ च्या एका रनमध्ये अर्ध्याच्या पुढे गाडी थडथडायला लागली, वेग कमी करायला हा कवचातून उठून बसला, तर वाऱ्याने गॉगल उडवला आणि डोळ्यांवर इतका मार बसला की दिसेनासंच झालं. एक लोखंडी खुंटा इंचांनी चुकला. मग त्याने गाडी आडवी घातली आणि खरचटण्यावर निभावलं. हे त्याचंच सांगणं, आणि सांगतो असा की जणू बाजारातून येताना सायकलवरून पडला.

तू विचारलंस की गोव्यातल्या लोकांना यात एवढं काय. अरे, वागातोरला बाईकवाल्यांचे मेळे भरतात तिथे पन्नास लाखांच्या गाड्या येतात, लोक फोटो काढतात, ठीक आहे. पण गोव्याचं गाडीशी नातं तिथे नाही, ते म्हापशाच्या स्टँडवर आहे. आमचे पायलट बघ, पिवळ्या मडगार्डवाले, परवाना काढून दुचाकीवर भाडं मारणारे. एकेक जण एकच गाडी वर्षानुवर्षं चालवतो, इंजिन तीनदा उघडलेलं, पण मन लावून. मी परवा एक बुलेट बांधून टेस्टला काढली, स्टँडपाशी सिग्नलला थांबलो तर एक पायलट बसल्या जागेवरून, "पात्रांव, डावो टॅपेट वाजता मरे." म्हणजे मालक, वाल्व्ह हलवणारा डावा टॅपेट वाजतोय. बाजूला बसचा हॉर्न, शुक्रवारच्या बाजाराची गर्दी, त्यात याने ते ऐकलं. गॅरेजात येऊन बघितलं तर खरंच, पुशरॉडचा नट हलका सुटला होता. या माणसाला तो पिक्चर दाखव, त्याला गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही, इंग्रजी नाही कळलं तरी चालेल. आमच्याकडे पिक्चर लावला की सगळ्यात मोठा हशा कुठे पिकतो माहीत आहे? बॉनविलला तपासणीवाले टाकीवर बाटलीचं बूच बघतात तिथे. कारण तसंच बूच, तसाच सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तशीच वाकवलेली तार समोर बसलेल्या प्रत्येकाच्या गाडीत कुठेतरी आहे.

पण आता कान उघडून ऐक, तुझी येझदी मधे आलीय म्हणून. पिक्चरमध्ये तो टायरच्या चिरा काळं फासून लपवतो आणि सुरीने टायरची नक्षी कापून काढतो. नक्षी कापण्याला कारण आहे, त्या वेगाला चाक इतकं गरगर फिरतं की जाड रबराचे तुकडे सुटून उडतात, म्हणून रबर जितकं पातळ तितकं बरं. ते कोरड्या, सपाट, रिकाम्या मैदानासाठी, जिथे दहा मैल समोर काही येत नाही. आपल्याकडे पर्वरीला पुलाचं काम, मधे गुरं, जूनमध्ये पहिला पाऊस पडला की रस्त्यावर तेलाचा थर, तिथे गुळगुळीत टायर म्हणजे सरळ आझिलो हॉस्पिटलात भरती. आणि चिरा पडलेला टायर काळा केला काय, पांढरा केला काय, तो फुटणारच. त्याचे ब्रेक नावालाच होते, कारण त्याला थांबायची घाई नव्हती. तुला आहे, पुढच्या वळणावर कदंबची बस उभी असते. किनाऱ्यावर पळवायचा विचारसुद्धा करू नकोस, एक तर कायद्याने बंदी आहे, मोरजीला जीप रुतवून बसलेले टुरिस्ट दंड भरतात ते बघतोस ना, आणि वरून खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की वर्षभरात चाक खडखडायला लागतं.

आता येझदी. १६० विसर. चांगल्या तब्येतीची येझदी ११०-१२० ला आरामात जाते, आणि त्या गाडीचे ड्रम ब्रेक त्या वेगालाच कसेबसे पुरतात. वरचे चाळीस हवे असतील तर तो घनाचा हिशेब परत कर, १२० वरून १६० म्हणजे जवळजवळ अडीचपट ताकद. त्या पैशात दुसरी गाडी येईल. पण आजोबांची गाडी नीट वाजवायची, तिच्यावर चोर्ला घाट चढून जायचं, तर ते होण्यासारखं आहे, आणि त्यात मन्रोने केलं तसलंच काम आहे, फक्त छोटं.

पहिली गोष्ट, किक मारू नकोस. मित्र येतील, म्हणतील "बघूया चालू होते का", त्यांना हाकलून दे. येझदी टू-स्ट्रोक आहे, क्रँकला, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याला, ऑईल पेट्रोलमधून मिळतं, म्हणजे वर्षानुवर्षं उभ्या गाडीत क्रँकची बेअरिंगं कोरडी. आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकी आठ महिने खारा वारा, आतल्या रोलरवर गंज बसलेला असणार. किक मारलीस की तोच गंज रेजमाल होऊन फिरतो. प्लग काढ, भोकातून थोडं टू-टी ऑईल सोड, दोन दिवस तसंच ठेव, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव. अडकलं तर जोर लावू नकोस.

दुसरी, क्रँकचे ऑईल सील. फोर-स्ट्रोकवाल्या मेकॅनिकांना याचं महत्त्व कळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँकची पेटी, हवाबंद लागते, कारण मिश्रण आधी खाली येतं आणि तिथून वर ढकललं जातं. सील जुने होऊन कडक झाले की बाजूने हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं, गाडी उलट छान पळतेय असं वाटतं, पिकअप वाढल्यासारखा, आरपीएम आपोआप चढतो, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर पिस्टन जाम. किती पोरं येतात सांगतात, "काका, जाम व्हायच्या आधी काय मस्त पळत होती." सील दोन्ही बाजूंचे बदलायचेच, बरे दिसले तरी.

तिसरी, टाकी. उतरवून आतून टॉर्च मारून बघ. गंज असेल तर बारीक खडी किंवा नटबोल्ट घालून हलवून साफ करावी लागेल. आता मिळणाऱ्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी ओढायची खोड आहे, आपल्या हवेत गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला पाण्याचा थर बसतो, आणि जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधली रबरं फुगतात किंवा गळतात. नळ्या नव्या घाल, चालवायची नसेल तेव्हा कार्बोरेटर रिकामा करून ठेव. ऑईल मापाने घाल, अंदाजाने "दोन झाकणं" नको.

बोअर घासलेला निघाला तर ओव्हरसाईज, म्हणजे किंचित मोठा, पिस्टन बसवू, पण पिस्टन आधी हातात घेऊन, मोजून, मगच बोअर मारायचा, उलटं नाही. बाजारात येझदीचे म्हणून जे पिस्टन येतात त्यात दोन सारखे सापडले तर मला कळव.

पॉलिश, पेंट, क्रोम शेवटी. आणि जे तुटकं निघेल, पिस्टन, रिंगा, सील, ते फेकू नकोस, एका डब्यात घालून घेऊन ये, ते बघितल्याशिवाय मी पुढचं काही सांगणार नाही. गाडी टेम्पोत घालून आण, ढकलत नको. आणि आधी घरात आरसी बुक शोधून ठेव, पंधरा वर्षं उलटून गेलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला ते लागतं, आजोबांच्या नावावरून तुझ्या बाबांच्या नावावर करायचं असेल तर त्याचे कागद वेगळे. ते जमेपर्यंत इंजिन खोलायची घाई नाही.